ओझ्याच्या पिकअपला टायर निवडताना

मालवाहू पिकअपचा टायर दोन गोष्टींवर ठरतो: त्याच्यावर येणारे वजन आणि तो ज्या रस्त्यावर, ज्या हवामानात फिरणार ते. लासूर स्टेशनच्या बाजार समितीत येणाऱ्या गाड्यांना या दोन्हींचा ताण एकदमच सोसावा लागतो. उन्हाळ कांद्याची काढणी मार्च ते मे या काळात होते. म्हणजे हौदा भरलेला असतो तेव्हाच डांबर तापलेले असते.

युरोप-अमेरिकेत हिवाळ्यासाठी वेगळे टायर मिळतात. त्यांचे रबर मऊ असते आणि साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली, साधे रबर कडक होऊ लागते तेव्हाही ते रस्ता धरून ठेवते. आपल्याकडे त्यांचा उपयोग लडाख, हिमाचलच्या बर्फाळ रस्त्यांवर आहे. लासूर स्टेशनच्या गंगापूर तालुक्यात थंडीतही दुपार उबदार असते. इथे असे मऊ रबर भराभर झिजते आणि ओझ्याखाली लवकर तापते. त्यामुळे मराठवाड्यातल्या पिकअपसाठी टायर निवडायचा तो उन्हाळा आणि पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून.

पहिली निवड वजनाची. टायरच्या बाजूवर आकारानंतर भारांक छापलेला असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, ११२ म्हणजे १,१२० आणि ११५ म्हणजे १,२१५ किलो. समजा, भरलेल्या गाडीच्या मागच्या आसावर २,२०० किलो वजन येते. दोन चाकांत ते वाटले की प्रत्येकी १,१०० किलो होतात. ११२ भारांक जेमतेम पुरतो. खड्ड्यांचे दणके आणि एका बाजूला झुकलेला माल धरला तर ११५ बरा. दोन अंक तिरप्या रेघेने छापले असतील तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. पुढचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते: ‘एल’ म्हणजे ताशी १२० किलोमीटर, ‘एन’ म्हणजे १४०.

‘एलटी’ ही खूण हलक्या मालवाहू गाडीच्या टायरची. दिसायला सारखा असला, तरी कारचा टायर पिकअपला चालत नाही. ‘८ पीआर’, ‘१२ पीआर’ हे आकडे पूर्वी सुती थरांची संख्या सांगत. आता ते फक्त ताकदीचे माप आहे. रेडियल टायर नायलॉनच्या टायरपेक्षा कमी तापतो, म्हणून लांबच्या डांबरी किंवा काँक्रीटच्या प्रवासाला तो सोयीचा. नायलॉनच्या टायरची बाजू जाड असल्याने दगडधोंड्यांच्या रस्त्यावर, कमी वेगात तो टिकतो.

नक्षीही रस्ता पाहून निवडावी. सरळ रेघांचा टायर महामार्गावर कमी झिजतो. रुंद खाचांचा टायर शेतरस्त्यावरच्या काळ्या चिखलातून निघतो, पण डांबरावर आवाज करतो आणि डिझेल जास्त खातो. दोन्ही रस्ते नेहमीचे असतील, तर पुढे रेघांचा आणि मागे, जोर लावणाऱ्या चाकांना, खाचांचा अशी जोडी लावता येते. एकाच आसावर मात्र दोन्ही टायर सारखेच हवेत. रिकामी गाडी परतताना मागचा भाग हलका होतो. ओल्या रस्त्यावर ती घसरते, आणि त्या वेळी मागची नक्षी शिल्लक असणे महत्त्वाचे ठरते.

उन्हाळ्यात टायर फुटण्याचे मोठे कारण कमी हवा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, आतून तापते आणि थर सुटू लागतात. वेग आणि जादा ओझे ही उष्णता आणखी वाढवतात. समृद्धी महामार्गासारख्या लांब, न थांबता धावण्याच्या रस्त्यावर हा धोका अधिक. कंपनीने भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा पाहून, टायर थंड असताना हवा भरावी. धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये.

विकत घेताना तारीख पाहावी. टायरच्या बाजूवर छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात; ‘१४२५’ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. मोटार वाहन नियमांनुसार पिकअपच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. खाचांच्या तळाशी असलेले रबराचे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले, की टायर बदलायची वेळ झाली.

भारी टायर घातल्याने गाडीचे पासिंग वाढत नाही. चेसिस, पाटे आणि ब्रेक तेच राहतात. जादा मालाला २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. ५० किलोची गोणी धरली, तर १.७ टन क्षमतेच्या पिकअपमध्ये ३४ गोण्या बसतात. टायरची निवड त्या हिशेबाने करायची. उरलेला माल दुसऱ्या खेपेला.