काळ्या हेलिकॉप्टरांची छाया

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांत १९७० च्या दशकात गुरांची छिन्नविच्छिन्न कलेवरे सापडू लागली. त्याच सुमारास कोणतीही खूण नसलेली हेलिकॉप्टरे दिसल्याचे पशुपालक सांगू लागले. माजी एफबीआय अधिकारी केनेथ रॉमेल यांनी १९८० मध्ये तपासाअंती हा प्रकार मुख्यतः मृतभक्षक प्राण्यांचा ठरविला; परंतु संशय आकाशातच राहिला.

पुढे १९९२ मध्ये रूबी रिज व १९९३ मध्ये वेको येथील सरकारी कारवायांत नागरिकांचे, मुलांचेही बळी गेले. मग या हेलिकॉप्टरांतून संयुक्त राष्ट्रसंघ देश ताब्यात घेणार, असे सशस्त्र गट म्हणू लागले. १९९५ मध्ये तर इडाहोच्या लोकप्रतिनिधी हेलन चेनोवेथ यांनीच, वन्यजीव कायद्यासाठी सरकारी शस्त्रधारी काळ्या हेलिकॉप्टरांतून शेतजमिनींवर उतरतात, अशी तक्रार मांडली.

अफवा अगदीच निराधार नव्हती, हे विशेष. १९८१ मध्ये उभारलेले लष्कराचे एक खास दल गडद हेलिकॉप्टरे रात्री, दिवे मालवून उडविते. शहरांवरही सराव करते. सरकारने मौन पाळले आणि ती पोकळी पडद्याने भरली. १९९८ च्या ‘द एक्स-फाइल्स’ चित्रपटात मक्याच्या शेतातून नायक-नायिकेचा पाठलाग करतात ती काळी हेलिकॉप्टरेच.