बाराशे पानं आणि बारा वर्षं

नवीन ॲप घेतलं की 'मला मान्य आहे' यावर बोट ठेवायचं आणि पुढे सरकायचं, ही आपली सगळ्यांचीच सवय. नेमकं काय मान्य केलं, ते कोण वाचतंय!

ऑस्ट्रियातल्या मॅक्स श्रेम्स या कायद्याच्या विद्यार्थ्याने मात्र २०११ साली फेसबुककडे मागणी केली : माझ्याबद्दलची सगळी माहिती मला द्या. युरोपातल्या कायद्याने त्याला तो हक्क होता. हाती आली बाराशेहून जास्त पानं. त्याने पुसून टाकलेला मजकूरसुद्धा त्यात होता!

फेसबुकचं युरोपातलं मुख्य कार्यालय डब्लिनला, म्हणून तक्रार आयर्लंडच्या नियामकाकडे गेली. २०१३ मध्ये अमेरिकी हेरखात्याची पाळत उघड झाल्यावर, आपली माहिती अमेरिकेत पाठवू नये, अशीही तक्रार त्याने केली. तिची चौकशीच नाकारली गेली. मग कोर्ट. युरोपच्या न्यायालयाने २०१५ आणि २०२० मध्ये युरोप-अमेरिकेतल्या माहितीच्या देवाणघेवाणीच्या व्यवस्था रद्द ठरवल्या. तरी दंड व्हायला मे २०२३ उजाडला. रक्कम १२० कोटी युरो. तोही आयर्लंडने आपणहून केला नाही; युरोपीय देशांच्या नियामकांच्या मंडळाने करायला लावला.

घोडं अडलं कुठे? २०१८ पासून युरोपात कडक कायदा आहे, जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड आहे. पण कंपनीचं मुख्य कार्यालय ज्या देशात, तिथल्या नियामकाने पुढाकार घ्यायचा. बऱ्याच बड्या कंपन्या आयर्लंडमध्ये. म्हणजे अख्ख्या युरोपच्या तक्रारी एका छोट्या देशाच्या टेबलावर!

आता आपल्याकडे बघू. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पण तो सरकारी तिजोरीत जाईल, ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई नाही. दंड ठरवणाऱ्या मंडळाच्या नेमणुकाही केंद्र सरकारच करणार.

म्हणून फक्त कायदा असून भागत नाही, तो चालवायला कुणीतरी मागे लागावं लागतं. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, हे विचारायचा हक्क नव्या कायद्याने आपल्यालाही दिलाय. आधी कंपनीकडे तक्रार, दाद लागली नाही तर मंडळाकडे. श्रेम्सने पहिला प्रश्न विचारला तेव्हा तोही आपल्यासारखा विद्यार्थीच होता. आपल्यातलं कोण विचारणार?