कोष्टकातल्या रिकाम्या जागा : कल्पित भाषेचे क्रियापद कसे घडवावे?

मागच्या व्याख्यानात आपण कल्पित भाषांचे ध्वनी आणि नामांच्या विभक्ती पाहिल्या. आज क्रियापदाकडे यायचं आहे. उदाहरण म्हणून मी बाल्टो-स्लाविक कुळ घेतलं आहे. म्हणजे समजा, लिथुएनियन, लाटव्हियन, रशियन, पोलिश यांची एखादी बहीण इतिहासात टिकली असती, तर तिची क्रियापदं कशी चालली असती? अशी भाषा रचायची झाली तर सुरुवात कुठून करायची, हा आजचा प्रश्न.

हा उद्योग आजचा नाही. युराय क्रिझानिच नावाच्या क्रोएशियन धर्मोपदेशकाने सायबेरियातल्या तोबोल्स्कला हद्दपारीत असताना १६६६ साली सगळ्या स्लाव लोकांना समजेल अशा भाषेचं व्याकरण लिहून पूर्ण केलं. आपल्या काळात ‘इंटरस्लाविक’ ही भाषा त्याच उद्देशाने तयार झाली आणि २०१९ च्या ‘द पेंटेड बर्ड’ या चित्रपटात पात्रांच्या तोंडीही आली.

आधी एक संज्ञा स्पष्ट करून घेऊ. शाळेत आपण काळ आणि अर्थ शिकलो. ‘अर्थ’ म्हणजे इथे शब्दाचा अर्थ नव्हे. बोलणारा ती क्रिया कोणत्या भावाने सांगतो आहे, ते. ‘तो जातो’ हा स्वार्थ, ‘तू जा’ हा आज्ञार्थ, ‘त्याने जावे’ हा विध्यर्थ आणि ‘तो गेला असता तर’ हा संकेतार्थ. मराठी व्याकरणात हे चार.

आता नवखा भाषाकार काय करतो? तो एक कोष्टक आखतो. उभ्या रकान्यात पुरुष आणि वचनं, आडव्या ओळीत अर्थ. सहा गुणिले सात, बेचाळीस घरं. मग प्रत्येक घरात एकेक प्रत्यय बसवतो. काम पूर्ण होतं, कोष्टक सुबक दिसतं, आणि भाषा मात्र खोटी वाटते. का? कारण खऱ्या भाषांच्या कोष्टकात काही घरं रिकामी असतात, काही घरांत एकच रूप दोनदा येतं, आणि प्रत्येक रिकाम्या घरामागे काहीतरी कारण असतं. आज आपल्याला ती कारणं शोधायची आहेत.

पहिलं रिकामं घर : तो आणि ते

‘वाहून नेणे’ या अर्थाचा धातू या कुळात जवळजवळ सगळीकडे आहे. लिथुएनियनमध्ये ‘नेश्‌’, लाटव्हियन आणि रशियनमध्ये ‘नेस्‌’. लिथुएनियन माणूस म्हणतो, ‘यिस नेशा’, तो नेतो. आणि ‘ते नेतात’? ‘यिए नेशा’. क्रियापद तेच. तृतीय पुरुषात एकवचन-अनेकवचन हा भेदच नाही. लाटव्हियनमध्येही तसंच. संस्कृतात ‘भरति’ आणि ‘भरन्ति’ वेगळे आहेत. रशियनने तो जुना ‘त’ जपला आहे, ‘नेस्योत’ आणि ‘नेसूत’. बाल्टिक शाखेने तो सोडला.

म्हणजे तुमची कल्पित भाषा कोणत्या शाखेच्या जवळची आहे, हे वाचणाऱ्याला तृतीय पुरुषाच्या एका घरावरून कळतं. आपण आपली भाषा बाल्टिक बाजूला ठेवू या. नेशु, नेशि, नेशा. नेशम, नेशत, आणि पुन्हा नेशा. सहा घरं, पाच रूपं.

आज्ञा येते विनंतीतून

आता आज्ञार्थ. इथे गंमत पाहा. जुन्या स्लाव भाषेत ‘घे!’ या अर्थी ‘बेरि’ असं रूप आहे. हे मूळचं आज्ञार्थाचं रूप नाही. संस्कृतातल्या ‘भरेः’चं, म्हणजे विध्यर्थाच्या रूपाचं, ते भावंड आहे. आधी लोक ‘तू घ्यावंस’ म्हणत होते. ते बोलून बोलून साधं ‘घे’ झालं आणि मूळची आज्ञार्थाची रूपं मागे पडली.

हे आपल्याला परकं वाटू नये. ‘बसा’ म्हणण्याऐवजी ‘बसावे’ म्हणणं आपल्याकडे अदबीचं. देवळाबाहेर पाटी असते, ‘चपला बाहेर काढाव्यात’. व्याकरणाच्या पुस्तकात हा विध्यर्थ, पण पाटी वाचणाऱ्यासाठी ती आज्ञाच असते. माणसं आज्ञा सौम्य करायला दुसरा अर्थ उसना घेतात, आणि फार वापरानं त्याचाही सौम्यपणा झिजतो. लिथुएनियनने पुढे आणखी वेगळी वाट धरली. तिथे ‘नेश्क!’ म्हणतात, शेवटचा ‘क’ हा मूळचा एक स्वतंत्र निपात, तो धातूला कायमचा चिकटला.

आपल्या भाषेसाठी आपण जुनी वाट घेऊ, ‘नेशी!’ पण मग एक पथ्य पाळायचं. विध्यर्थाचं रूप आज्ञार्थात खर्ची पडलं, तर विध्यर्थाचं घर रिकामं झालं. ते भरायला दुसरीकडून काहीतरी आणावं लागेल.

‘मला’ने सुरू होणारं कर्तव्य

ते कुठून आणायचं याचं उत्तम उदाहरण लाटव्हियनमध्ये आहे. लाटव्हियन व्याकरणात पाच अर्थ मानतात आणि त्यांतला एक खास कर्तव्याचा आहे. ‘मन याइएत’ म्हणजे मला जावं लागतं. ‘मन’ म्हणजे ‘मला’, ‘इएत’ म्हणजे जातो, आणि सुरुवातीचा ‘या’ हे कर्तव्याचं चिन्ह. हा ‘या’ मूळचा संबंधी सर्वनामाचा अवशेष मानतात; संस्कृतातल्या ‘यः, या, यत्’च्या घराण्यातला. ‘मला खायचं असं काही आहे’ अशा रचनेतून ‘मला खावं लागतं’ हा भाव आला.

आता ‘मला पुस्तक वाचावं लागतं’ हे लाटव्हियनमध्ये पाहू : ‘मन यालसा ग्रामता’. ‘मी पुस्तक वाचतो’ म्हणताना पुस्तक द्वितीयेत असतं, ‘ग्रामतु’. कर्तव्यार्थात मात्र ते प्रथमेत येतं, ‘ग्रामता’. करणारा चतुर्थीत, आणि वस्तू प्रथमेत. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘मला गोष्ट वाचावी लागते, मला पत्र वाचावं लागतं’. क्रियापद गोष्टीच्या आणि पत्राच्या मागे जातं, माझ्या मागे येत नाही. आपल्या ‘आवे’चा उगम मात्र वेगळा, तो संस्कृत ‘कर्तव्य’मधल्या ‘तव्य’चा. दोन भाषा वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचल्या.

आता कोष्टकाकडे परत या. कर्तव्यार्थाला पुरुषाचे प्रत्यय किती? एकही नाही. मी, तू, तो हा भेद आधीच ‘मला, तुला, त्याला’मध्ये सांगून झाला आहे. नवखा भाषाकार इथे सहा प्रत्यय भरतो. ते सहाही अनावश्यक.

संकेतार्थ : गोठलेला ‘असता’

‘मी गेलो असतो’ यात ‘असतो, असतास, असता’ हे ‘असणे’ या क्रियापदाचं रूप बदलत राहतं. स्लाविक भाषांनी हेच केलं. ‘असणे’चं जुनं रूप आणि सोबत ‘ल’कारान्त धातुसाधित. पोलिशमध्ये त्या सहायकाचे पुरुष अजून जिवंत आहेत, ‘बिम, बिश, बि’. रशियनमध्ये ते सगळे गळाले आणि ‘बि’ हा एकच निपात उरला. मी, तू, आम्ही, सगळ्यांना तोच. बाल्टिकमध्येही असंच झालं. लिथुएनियन संकेतार्थात पुरुषाचे प्रत्यय आहेत, शेजारच्या लाटव्हियनमध्ये ‘तु’ हे एकच रूप सर्वांना चालतं. आपण लाटव्हियनसारखं ‘नेश्तु’ ठेवू.

लिंग का येतं?

रशियनमध्ये ‘तो वाचतो’ आणि ‘ती वाचते’ यांचं क्रियापद एकच, ‘चितायेत’. पण भूतकाळात ‘चिताल’ आणि ‘चिताला’ असा लिंगभेद होतो. वर्तमानकाळात नसलेलं लिंग भूतकाळात कुठून आलं? ते भूतकाळाचं रूप मूळचं क्रियापद नाहीच. ते विशेषणासारखं चालणारं धातुसाधित आहे. मराठीतही ‘वाचतो-वाचते’ आणि ‘गेला-गेली’ यांत लिंग दिसतं ते याच कारणाने. (दोन्हीकडे ‘ल’ दिसतो म्हणून एकच प्रत्यय समजू नका, आपला ‘ल’ प्राकृतातून आला आहे.) नियम सोपा आहे. रूप क्रियापदातून आलं असेल तर पुरुष दिसतो, धातुसाधितातून आलं असेल तर लिंग दिसतं.

परोक्ष अर्थ : ‘म्हणे’चं व्याकरण

आता शेवटचा अर्थ, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. लाटव्हियनमध्ये ‘विन्यश एसुओत स्लिम्स’ म्हणजे ‘तो आजारी आहे म्हणे’. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, असं क्रियापदच सांगतं. ‘एसुओत’ला पुरुष नाही, वचन नाही, कारण ते धातुसाधित आहे. लिथुएनियनमध्ये ‘यिस गीवेनास काउने’, तो काउनासला राहतो म्हणे. आणि ‘यी गीवेनान्ति काउने’, ती राहते म्हणे. इथे लिंग आलं, पुन्हा त्याच कारणाने. दक्षिणेकडे बल्गेरियनमध्ये ‘तोय ए चेल’ म्हणजे त्याने वाचलं आहे. मधला ‘ए’, म्हणजे ‘आहे’, काढून टाकला की ‘तोय चेल’, त्याने वाचलं म्हणे.

यामागची युक्ती लक्षात घ्या. ‘आहे’ म्हणणं म्हणजे ग्वाही देणं. ‘आहे’ काढून नुसतं धातुसाधित ठेवलं की ग्वाही निघून जाते. पाणिनीनेही लिट् लकार बोलणाऱ्याने न पाहिलेल्या भूतकाळासाठी, परोक्षासाठी, सांगितला आहे.

आणि हे अर्थ एकावर एक चढतात. लाटव्हियनमध्ये ‘विन्यम एसुओत याइएत’, त्याला जावं लागतं म्हणे. कर्तव्य त्याचं, बातमी दुसऱ्याची, आणि बोलणारा मोकळा. तेव्हा आपल्या कल्पित भाषेत ‘नेशान्‌’ हे रूप घेऊ, ‘नेतो म्हणे’. स्त्रीलिंगात ‘नेशान्ति’. पुरुषाची घरं रिकामी.

आता पूर्ण कोष्टक पाहा. स्वार्थात पाच रूपं, आज्ञार्थात एक-दोन, संकेतार्थात एक, कर्तव्यार्थात एक, परोक्षात दोन. बेचाळीस घरांच्या जागी दहा-अकरा रूपं. पण यातल्या प्रत्येक रूपाला ‘तू कुठून आलास?’ असं विचारता येतं, आणि त्याला उत्तर असतं.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्याने विचारलं आहे, ‘मग मराठीत परोक्ष हा पाचवा अर्थ का मानत नाहीत?’ चांगला प्रश्न आहे. मराठीत ‘म्हणे’ क्रियापदाच्या रूपात मिसळलेलं नाही, ते वाक्याला बाहेरून जोडलेलं असतं. ‘तो गेला’ हे ‘म्हणे’शिवायही पूर्ण वाक्य आहे. म्हणून व्याकरणकार त्याला अव्ययात टाकतात. व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

पण त्याचा एक परिणाम होतो. बाहेरून जोडलेली गोष्ट सहज गळते. पहिला म्हणतो, ‘अमुक बँक बुडाली म्हणे’. दुसरा तेच पुढे पाठवताना ‘म्हणे’ विसरतो, आणि तिसऱ्याच्या फोनवर ‘बँक बुडाली’ एवढंच पोचतं. वाक्य तेच दिसतं, ग्वाही मात्र कुणीच दिलेली नाही. परोक्ष अर्थ असलेल्या भाषांतही अफवा पसरतातच, व्याकरण काही त्या थांबवत नाही. फरक इतकाच की तिथे ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगायची तर क्रियापद बदलावं लागतं. आपल्याकडे नुसतं एक अक्षरगट गाळला की झालं. तेव्हा भाषा कल्पित असो की आपली, हा ‘म्हणे’ जिथे हवा तिथे ठेवत चला.

पुढच्या व्याख्यानात याच कुळातली क्रियेची पूर्णता आणि अपूर्णता पाहू.