कोरोनात मिळालेले २,००० रुपये जादा होते का? यवतमाळच्या शेतकऱ्यांचा हिशेब समजून घ्या

देशभर लॉकडाऊन लागला आणि दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च २०२० रोजी, केंद्राने १.७० लाख कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांना एप्रिलमध्ये प्रत्येकी २,००० रुपये देण्याची घोषणा होती.

हे पैसे नवे होते का?
नाही. पीएम किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतातच. त्यातला एप्रिल ते जुलैचा हप्ता आधी दिला गेला. वर्षाची रक्कम वाढली नाही.

मग उपयोग काय झाला?
पैसे वेळेवर आले. खरेदी थांबल्याने अनेकांचा कापूस घरातच पडून होता आणि खरीप तोंडावर होता. मात्र लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ५,५५० रुपये होता. म्हणजे हप्ता अर्ध्या क्विंटलच्या किमतीचाही नव्हता.

कोण वंचित राहिले?
मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. त्यामुळे मक्त्याने किंवा बटईने शेती करणारे बाहेर राहतात. पतीच्या निधनानंतर फेरफार झाला नसेल, तर शेत कसणारी पत्नीही बाहेरच.

आता काय करावे?
योजनेचा १६वा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी यवतमाळमधूनच वितरित केला. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना लाभ नाही, पण वारसाहक्काला यात सूट आहे. त्यामुळे वारस नोंदीसाठी आधी तलाठ्याकडे अर्ज करा.