ब्लेडच्या जागी पेन

१९५९ साली अमेरिकेतल्या कॅलकॉम्प कंपनीने '५६५' हा ड्रम प्लॉटर आणला. ड्रमवरचा कागद पुढेमागे सरके, पेन आडवे फिरे आणि या दोन चालींतून कोणतीही रेघ उमटे. १९६८पासून पॅरिसमध्ये व्हेरा मोल्नार यांनी संगणकावर रचलेली चित्रे प्लॉटरच्याच पेनाने काढली. पुढे ह्यूलेट-पॅकार्डचा ७४७५ए आला. त्यात सहा पेनांचे फिरते चाक होते आणि थांबलेल्या पेनांसाठी रबरी टोपणे. त्या यंत्रातला हा सर्वांत शहाणपणाचा भाग, असे माझे मत आहे. फायबरचे टोक उघडे राहिले की शाई वाळते आणि पुढच्या चित्राची सुरुवातच कोरी जाते.

१९८०च्या दशकात गर्बर आणि रोलँड यांच्या यंत्रांत पेनाऐवजी ब्लेड आले. आपल्याकडच्या रेडियम आर्टच्या दुकानांतले कटर याच घराण्यातले. आज्ञा बहुधा जुन्याच, ह्यूलेट-पॅकार्डच्या एचपीजीएल या प्लॉटर-भाषेतल्या: पेन वर, पेन खाली, एका मिलिमीटरला ४० एकके. मग १९९१ साली ह्यूलेट-पॅकार्डचा डिझाइनजेट आला, आराखडे इंकजेटवर छापले जाऊ लागले आणि प्लॉटरची खास पेने दुकानांतून हळूहळू नाहीशी झाली. यंत्रे मात्र धडधाकट होती. तेव्हापासून पेन जुळवणे हे वापरणाऱ्याच्याच हाती आले.

कटरमध्ये ब्लेडच्या जागी पेन बसवायचा सोपा मार्ग म्हणजे लेथवर नायलॉनचा बुश टर्न करून घेणे. बाहेरचा व्यास ब्लेड होल्डरइतका, आतला पेनाइतका. कॉलरची उंची व्हर्नियरने मोजायची, कारण पेनाचे टोक ब्लेडच्या टोकाइतकेच खाली यायला हवे. भोक मध्यापासून जरा जरी सरकले तरी हरकत नाही, सगळे चित्रच तेवढे सरकते. पण पेन भोकात डुगडुगले तर कोपरे जुळत नाहीत. ब्लेडचे टोक अक्षाच्या मागे फरफटत येते, म्हणून कटरमध्ये ०.२५ मिमीच्या आसपास ऑफसेट दिलेला असतो. पेनासाठी तो शून्य करायचा, नाहीतर प्रत्येक कोपऱ्यावर शेपटी फुटते. दाबही कमी हवा: विनाइलला ८०–१०० ग्रॅम लागतात, फायबरचे टोक तेवढ्याने चेपून पसरते. बॉलपेनला मात्र थोडा दाब लागतोच. कागदाखालच्या पट्टीवर ब्लेडने पाडलेली चर असेल, तर तिच्यात रेघ थरथरते. पट्टी बदलणेच बरे.

पेन भरणे हे सबुरीचे काम. मागचे बूच काढून सिरिंजने आतल्या वातीवर थेंबथेंब शाई सोडायची, वात भिजली की थांबायचे. जास्त झाली तर ती चालत्या यंत्रात कागदावर सांडते. पाण्याच्या शाईचे पेन पाण्याच्याच शाईने भरावे. पिगमेंटची शाई बारीक टोकात अडकते. मी डायचीच वापरतो.

२०१६ साली आलेल्या अ‍ॅक्सिड्रॉ या पेन प्लॉटरमध्ये जवळपास कोणतेही पेन चिमट्यात बसते, त्याला बुश लागत नाही. तरी तो हात पोचेल तेवढेच रेखाटतो. कटर रोलवर चालतो. कित्येक फूट लांबीचा शिवणाचा पॅटर्न किंवा भिंतभर चित्र सलग काढायचे, तर मी आजही कटरच निवडीन आणि आधी पेन भरून घेईन.