जीव टांगणीला: ब्रिटनमधले अपंगत्व-भत्ते आणि अनिश्चिततेचा प्रश्न

आजचा विषय वरवर रुक्ष वाटेल: ब्रिटनमधले आजारपणाचे आणि अपंगत्वाचे सरकारी भत्ते, आणि त्यांत होऊ घातलेल्या सुधारणा. पण त्याच्या पोटात एक चांगला तात्त्विक प्रश्न आहे. एखाद्याचे पैसे काढून घेतले तर त्याचं नुकसान झालं, हे कुणालाही पटेल. पण पैसे अजून काढलेलेच नाहीत, फक्त ‘कदाचित काढू’ एवढंच म्हटलंय, तर नुकसान झालं की नाही?

आधी व्यवस्था समजून घेऊ. तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चर्चेत त्यांची हमखास गल्लत होते. पहिली, पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट. लोक तिला ‘पिप’ म्हणतात. ती २०१३ मध्ये सुरू झाली. अपंगत्वामुळे जगण्याचा जो जादा खर्च होतो, त्यासाठी ती असते. तुम्ही नोकरी करत असलात तरी मिळते, उत्पन्नाची अट नाही. दुसरी, युनिव्हर्सल क्रेडिटमधला आरोग्याचा हिस्सा. तो आजारपणामुळे काम करता येत नाही म्हणून. म्हणजे एक खर्चासाठी, दुसरी न मिळणाऱ्या कमाईसाठी. (स्कॉटलंडमध्ये पिपच्या जागी आता वेगळा भत्ता आहे, तो आज बाजूला ठेवू.)

पिप ठरते गुणांवर. रोजच्या जगण्यातल्या दहा क्रिया घेतल्या आहेत: स्वयंपाक, जेवण, आंघोळ, कपडे, वाचन वगैरे. एकूण ८ गुण झाले तर साधा दर, १२ झाले तर वाढीव. आता बघा, स्वयंपाक, आंघोळ, शौच आणि कपडे या चारही गोष्टींना एखादं साधन वापरावं लागत असेल तर प्रत्येकी २ गुण. झाले ८. भत्ता लागू.

१८ मार्च २०२५ ला मंत्री लिझ केंडल यांनी ग्रीन पेपर, म्हणजे धोरणाचा मसुदा, मांडला. त्यात म्हटलं होतं की नुसते ८ गुण पुरणार नाहीत, कुठल्या तरी एका क्रियेत निदान ४ हवेत. नोव्हेंबर २०२६ पासून हा नियम येणार होता. म्हणजे आपल्या उदाहरणातला माणूस बाहेर. याचा अर्थ किती बारीक पातळीवर जातो पाहा. केस धुवायला किंवा कमरेखालचं अंग धुवायला दुसऱ्याची मदत लागली तर २ गुण, आणि खांद्यापासून कमरेपर्यंतचं अंग धुवायला मदत लागली तर ४. घराची आर्थिक घडी या फरकावर बसायची किंवा विस्कटायची! शिवाय त्या माणसाची काळजी घेणाऱ्या बायकोला किंवा मुलीला जो भत्ता मिळतो, तोही पिपच्या याच भागाला बांधलेला. एक गेला की दुसराही जातो.

सरकारची बाजू पोकळ नव्हती, हेही सांगायला हवं. खर्च वाढत चालला होता आणि या सगळ्यातून वर्षाला सुमारे ५ अब्ज पौंड वाचतील असा हिशेब होता. दुसरं म्हणजे, २०२५ मध्ये युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये एकट्या प्रौढाला आठवड्याला साधारण ९२ पौंड मिळत होते, आणि ‘काम करू शकत नाही’ असं ठरलं की वर जवळपास ९७. रक्कम दुपटीहून जास्त होत होती. मग ‘मी थोडंफार काम करून बघतो’ असं कोण म्हणेल? हा दोष खराच होता.

पण सरकारच्याच अंदाजानुसार सुमारे ८ लाख लोकांची पिप बुडणार होती आणि अडीच लाख लोक गरिबीत ढकलले जाणार होते. सत्ताधारी लेबर पक्षातच बंड झालं. जूनच्या शेवटी सरकार म्हणालं, नवा नियम फक्त नव्या अर्जदारांना. १ जुलैला, मतदानाच्या काही वेळ आधी, मंत्री स्टीफन टिम्स यांनी सभागृहात उभं राहून सांगितलं की पिपचं कलमच मागे घेतो, आधी फेरविचार करू. विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे गेलं. सप्टेंबरमध्ये कायदा झाला. त्यात उरलं ते मुख्यतः हे: एप्रिल २०२६ पासून बहुतेक नव्या अर्जदारांना आरोग्याचा हिस्सा ९७ ऐवजी सुमारे ५० पौंड, जुन्यांना संरक्षण. पिपचं काय ते टिम्स यांचा फेरविचार सांगेल. आणि गंमत अशी की २०२८ मध्ये कामाच्या क्षमतेची वेगळी तपासणी बंद करून आरोग्याचा हिस्साही पिपच्या तपासणीवर ठरवायचा, असा बेत त्याच ग्रीन पेपरमध्ये होता. म्हणजे जी मोजपट्टी स्वतःच मोजायला काढलीय, तिच्यावर आणखी एक भार.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. मार्चपासून जुलैपर्यंत पिपधारकाचा एक पौंडही कमी झाला नाही. मग तक्रार कशाची?

जोनाथन वोल्फ आणि अव्हनेर दे-शालित या दोघांनी २००७ मध्ये ‘डिसअॅडव्हांटेज’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: आज तुमच्याकडे काय आहे एवढंच मोजून भागत नाही, ते उद्या टिकेल का हेही मोजावं लागतं. असुरक्षितता ही भविष्यातल्या नुकसानाची फक्त सूचना नाही, ती आजचंच नुकसान आहे. हे पटायला तत्त्वज्ञ लागत नाही. जिचा भत्ता जाईल की राहील हे माहीत नाही, ती बाई आज काय करते? घराचा करार वाढवत नाही, चाकांची नवी खुर्ची हप्त्यावर घेत नाही, मदतनिसाचे तास कमी करते. पैसे गेलेले नाहीत, पण ती जगू लागलीय गेल्यासारखीच. अमर्त्य सेन सांगतात की अपंग माणसाला तेच आयुष्य जगायला इतरांपेक्षा जास्त साधनं लागतात. मग ज्याच्याकडे शिल्लक कमी, त्याला धाकधूकही महाग पडते.

तुम्ही म्हणाल, सर, मग सुधारणा करायच्याच नाहीत का? प्रत्येक बदल थोडी अनिश्चितता आणतोच. आक्षेप रास्त आहे. लॉन फुलर यांनी १९६४ मध्ये कायदा फसण्याचे आठ मार्ग सांगितले. कायदा इतक्या वेळा बदलणं की माणसाला त्यावर विसंबून वागताच येऊ नये, हा त्यातला एक. लक्षात घ्या, दोष बदलण्यात नाही, विसंबता न येण्यात आहे.

जुन्यांना संरक्षण दिलं की प्रश्न सुटतो का? अर्धाच. एक तर समान आजाराच्या दोन माणसांना वेगळी रक्कम मिळते, कारण एकाने मार्चमध्ये अर्ज केला आणि दुसऱ्याने मेमध्ये. समानांना समान वागणूक हे अ‍ॅरिस्टॉटलपासूनचं तत्त्व इथे अडखळतं. आणि दुसरं अधिक गंभीर. संरक्षण ज्याला मिळालंय, तो ते गमावायला घाबरतो. नोकरी करून पाहिली आणि झेपली नाही तर जुन्या दराने परत येता येईल का? सरकारने म्हटलंय की केवळ काम सुरू केलं म्हणून फेरतपासणी होणार नाही. पण चार महिन्यांत दोनदा शब्द बदललेल्या सरकारच्या आश्वासनावर जोखीम कोण घेणार? म्हणजे लोकांनी कामाकडे वळावं म्हणून केलेली सुधारणा, तिच्या रीतीमुळेच, लोकांना जागच्या जागी खिळवून ठेवते.

म्हणून माझ्या मते सुधारणेची न्याय्यता नुसत्या आकड्यांत पाहू नये, क्रमात पाहावी. आधी कुणाची गरज काय हे ठरवा, मग पैसे मोजा. इथे आधी ५ अब्ज ठरले आणि मग ४ गुणांचा नियम आला, अशी शंका लोकांना आली आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. दुसरं, ज्यांचं आयुष्य त्या नियमावर उभं आहे ते नियम लिहिताना खोलीत हवेत. टिम्स यांच्या फेरविचारात अपंग व्यक्तींना बरोबर घेण्याचं वचन आहे, ते पाळलं जातं का हे बघायचं. तिसरं, जो काही निर्णय होईल तो पुरेसा आधी सांगा, आणि एकदा सांगितला की काही वर्षं त्याला हात लावू नका.

वाईट बातमीसाठी माणूस तयारी करू शकतो. कसलीच बातमी नसेल तर तयारी कशाची करायची? आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.