बागेच्या वाफ्यासाठी माती: निवड आणि सुधारणा

नव्या घराभोवती बाग फुलविण्याचा संकल्प बहुधा रोपवाटिकेपासून सुरू होतो. मातीचा विचार मात्र रोपे सुकू लागल्यावरच होतो. बांधकामाच्या वेळी पाया खणताना निघालेला मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा अशा जागेवर पसरलेला असतो व मूळची सुपीक माती त्याखाली गाडली जाते. अशा वेळी सर्रास लाल मातीची गाडी मागविली जाते. तथापि, विकत घेतलेली माती चांगली असेलच असे नाही.

वरच्या थराचे मोल

जमिनीचा वरचा सुमारे १५ ते २० सेंटिमीटरचा थर हा तिचा सर्वांत जिवंत भाग होय. सेंद्रिय द्रव्य, जीवाणू, बुरशी आणि गांडुळे यांचे वास्तव्य प्रामुख्याने याच थरात असते. तो काही सेंटिमीटर वाढण्यास शेकडो वर्षे लागतात. बाजारातील माती पुष्कळदा एखाद्या शेताचा किंवा टेकडीचा हाच थर खरवडून आणलेली असते. म्हणूनच घरची माती सुधारणे हा पहिला पर्याय असावा आणि उणीव भासेल तेवढीच माती बाहेरून आणावी.

मातीची ओळख

ओलसर मातीचा गोळा वळून तो बोटाने दाबावा. गोळा वळलाच नाही, तर माती वाळूमय समजावी. दाबल्यावर तो सहज फुटला, तर ती पोयट्याची, म्हणजेच बागेस सर्वांत अनुकूल असते. लांब पट्टी निघाली, तर ती चिकण असते. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती व उरलेले पाणी घालून हलवून ठेवल्यास वाळू तळाशी, गाळाचे बारीक कण त्यावर आणि चिकणमाती सर्वांत वर बसते. थरांच्या जाडीवरून प्रमाणाचा अंदाज येतो.

निचरा पाहण्यासाठी ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून ते जिरू द्यावे व पुन्हा भरावे. दुसरे पाणी दिवसभर साचून राहिल्यास निचरा सदोष आहे, असे समजावे.

प्रदेशानुसार उपाय

दख्खनच्या पठारावरील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीत थोडीशी वाळू मिसळण्याचा प्रघात आहे. परंतु त्याने माती भुसभुशीत होण्याऐवजी अधिक घट्ट होण्याचा संभव असतो. भरपूर कुजलेले खत आणि १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे हाच तेथे खात्रीचा मार्ग होय. कोकण, गोवा व केरळातील जांभ्या मातीतून अतिवृष्टीमुळे चुना व इतर क्षार धुपून जातात. ती आम्लधर्मी होते व स्फुरद पिकांना सहजी मिळत नाही. तेथे परीक्षणानंतर चुना देणे हितकारक ठरते. राजस्थानच्या वाळूमय जमिनीत पाणी टिकत नाही. तेथेही सेंद्रिय खत व आच्छादन हाच आधार आहे. उत्तर प्रदेश व हरियाणातील चोपण जमिनीत मात्र जिप्सम उपयोगी पडते.

खत किती द्यावे?

वाफ्यावर शेणखत किंवा गांडूळखताचा ५ सेंटिमीटर जाडीचा थर पसरून तो वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळावा. ३ मीटर लांब व १ मीटर रुंद वाफ्यास त्यासाठी सुमारे १५० लिटर खत लागते. शेणखत पूर्ण कुजलेले, भुरभुरीत आणि दुर्गंधीरहित असावे. कच्च्या शेणखतातून हुमणी व वाळवीचा उपद्रव वाढतो.

विकत घेताना

माती प्रत्यक्ष पाहूनच घ्यावी. तीत लव्हाळ्याच्या गाठी, हरळीची मुळे, काचेचे तुकडे किंवा बांधकामाचा चुरा नसावा. लव्हाळा एकदा बागेत शिरला की त्याचा नायनाट अतिशय कठीण होतो. केवळ लाल रंग हा सुपीकतेचा पुरावा नव्हे. तो लोहाच्या संयुगांमुळे येतो. नवी माती जुन्या कठीण थरावर नुसती ओतू नये. खालचा थर खणून, दोन्ही माती एकमेकींत मिसळूनच वाफा तयार करावा.

परीक्षणाची सोय

अनेक कृषी विज्ञान केंद्रांत व कृषी विद्यापीठांत माती परीक्षण होते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व अन्नद्रव्ये असे १२ घटक तपासले जातात. बागेच्या मातीसाठीही हेच निकष मार्गदर्शक ठरतात. साधारणतः ६.५ ते ७.५ सामू बहुतेक भाज्या व फुलझाडांना मानवतो. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी असल्यास तो अल्प मानला जातो. नमुन्यासाठी चार-पाच ठिकाणची १५ सेंटिमीटरपर्यंतची माती एकत्र करून सावलीत वाळवावी व त्यातील अर्धा किलो माती पाठवावी.

उष्ण हवामानात सेंद्रिय द्रव्याचा क्षय झपाट्याने होतो. म्हणून सुधारणा एका वर्षात संपत नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी खताची भर घालणे, पालापाचोळा न जाळता त्याचे आच्छादन करणे आणि ओली माती न तुडवणे, या तीन सवयी जपल्यास काही वर्षांत भरावाच्या जागेवरही कसदार वाफा तयार होऊ शकतो.